घोडदळ तीन मैलांवर होतं

रविवार, २ मे २००४, जर्सी सिटी

अमेरिकेत येऊन आठ दिवस झाले. आज पहिल्यांदा पहाटे पाचला आपोआप जाग आली, म्हणजे गाडी रुळावर आली. वही उघडली.

लेकीच्या बाळंतपणाला आई येते, इथे बाप आलाय. लताला जाऊन तीन वर्षं झाली. जावयाच्या, म्हणजे शंतनूच्या, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नागपूरला नुकतंच झालंय, त्यांना ऑगस्टपर्यंत प्रवास नाही. उरलो मी. ऑनररी कॅप्टन श्रीरंग जगदाळे, तोफखान्यातून निवृत्त, मुक्काम कराड. लताची धाकटी बहीण सुलभा हिने डिंकाचे लाडू आणि सतराशे सूचना दिल्या. लाडू पोचवले. सूचनांपैकी निम्म्या विमानातच विसरलो.

देवूला सातवा लागलाय. एक ऑगस्टची तारीख दिलीय. हे लोक अठराव्या मजल्यावर राहतात. खिडकीतून नदी दिसते, पलीकडे मॅनहॅटन. शंतनू नदीखालून जाणाऱ्या गाडीने रोज तिकडे जातो, एका बँकेच्या कॉम्प्युटरचं काम बघायला. सकाळी साडेसातला जातो तो रात्री आठला येतो. मुलगा चांगला आहे. मला ‘आप्पा’ म्हणतो, देवूचं ऐकून.

देवू अगदी लतावर गेलीय. कशी आहेस विचारलं की ‘बरी आहे आप्पा’. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, त्यातली वीस घरापासून लांब. लताच्या एकाही पत्रात रडगाणं नव्हतं. शेवटी नेहमी तेच, ‘इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी’. शेवटच्या दुखण्यातसुद्धा मला काय ते डॉक्टरांकडून कळलं, आणि तेव्हा हातात एकच महिना होता. अशी खंबीर बाई. पोरगीही तशीच निघाली याचा मला अभिमान वाटतो.

रविवार, ९ मे

एकविसाव्या मजल्यावरची कांचन काल आली होती. ती इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे. म्हणाली, “काका, वीस जूनला आमचा कार्यक्रम आहे. तुम्ही लढाईवर बोला ना. फक्त प्लीज, पानिपत नको. दरवर्षी कोणी ना कोणी पानिपतच करतं.”

मी हो म्हणालो. विषय लगेच ठरवला. एकोणिसाव्या शतकातलं पायदळ, घोडदळ आणि तोफखाना, म्हणजे तिघं मिळून कसे लढायचे आणि फुटले की काय व्हायचं. आम्हाला देवळालीच्या तोफखाना शाळेत हे शिकवलं होतं, तेव्हा मी नोट्स काढल्या होत्या.

आज दुपारी जेवणाच्या टेबलावर देवूला करून दाखवलं. हरभरे पायदळ, राजमा घोडदळ, लवंगा तोफा.

“हे हरभरे बघ, दोन ओळींत उभे. म्हणजे प्रत्येकाला बंदूक चालवता येते. आता बाजूने घोडदळ आलं. दोन ओळी घोड्यांपुढे टिकत नाहीत. म्हणून पायदळ चौकोन करतं आणि चारी बाजूंना संगिनी रोखतं. घोडा संगिनीवर चढत नाही.”

“मग जिंकले ना?”

“थांब, आता लवंगा. चौकोन म्हणजे माणसांचा गठ्ठा. एक गोळा आला की दहा-बारा गेले. तोफेपासून वाचायला पांगावं तर घोडदळ कापतं, घोडदळापासून वाचायला एकत्र यावं तर तोफ मारते.”

“म्हणजे तोफच सगळ्यात भारी. तुमची म्हणून!”

“नाही. तोफ एकटी लंगडी. शेजारी पायदळ नसेल तर चार घोडेस्वार येऊन ओढून नेतात. तिघांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा. एकटा कोणीच कामाचा नाही.”

देवूने एक लवंग उचलून हरभऱ्यांपासून लांब ठेवली. मग म्हणाली, “पण आप्पा, एवढ्या धुरात एकाला दुसऱ्याचं कळायचं कसं?”

“घोड्यावरून निरोप धाडायचे.”

“आणि कोणी धाडलाच नाही तर?”

“तर मग संपलं.”

“हिलाही ऐकू जात असेल हे सगळं,” ती पोटावर हात ठेवून म्हणाली.

“हिला?”

तिने जीभ चावली. मला सांगायचं नव्हतं म्हणे, सरप्राइज होतं. मी राजमा डब्यात भरला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नात. लता असायला हवी होती.

रविवार, २३ मे

भाषणाचा असईच्या लढाईचा भाग लिहून झाला. अठराशे तीन साल, सप्टेंबर महिना. आपल्या मराठ्यांच्या कवायती पलटणी, आपल्या शंभराच्या आसपास तोफा, आणि घोडदळ किती म्हणावं तर हजारोंनी. इंग्रज त्या मानाने मूठभर. आपल्या गोलंदाजांनी त्यांची दैना उडवली. शेवटी तोफांवर शत्रू चढून आला तेव्हा काही जण मेल्याचं सोंग करून तोफांखाली पडून राहिले, शत्रू पुढे गेल्यावर उठले आणि त्याच्या पाठीत गोळे घातले. हे लिहिताना अंगावर काटा येतो. आणि घोडदळाचा तो प्रचंड जमाव? बहुतेक सगळा लांबून बघत राहिला आणि निघून गेला. कोणी भित्रा होता असं मला वाटत नाही. त्यांना कोणी वेळेवर सांगितलंच नाही, की आता तुमची गरज आहे.

देवू कागद टाइप करून देते. आता घरूनच ऑफिसचं काम करते.

रविवार, ६ जून

यांचे एक माजी राष्ट्राध्यक्ष काल वारले. खाली सगळीकडे झेंडे अर्ध्यावर आहेत.

देवूने लग्नातली अंगठी काढून देवापुढच्या वाटीत ठेवलीय. विचारलं तर म्हणाली, उकडतं. खरंच उकडतं. शंतनूचं बँकेत मोठं काम चाललंय, शनिवारीही गेला. मंगळवारी डॉक्टरकडे जाऊन आली होती, सगळं नॉर्मल आहे म्हणाली. पुढची तारीख पंधरा जून.

भाषण चांगलं उतरतंय, पण इथल्या यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं रणांगण डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यावर बोलणं म्हणजे नकाशावरचं शहाणपण. मोटारीने साडेतीन तास लागतात. शंतनूला सहज बोललो.

गुरुवार, १० जून

देवूचं डोकं दुखतंय, मंगळवारपासून. दुपारी मी बाम चोळून दिला, खिडकीचे पडदे ओढले. म्हणाली, “शंतनूला नका सांगू हं, त्याच्या बँकेच्या कामाचं रिलीज आहे. उगाच घाबरतो.” मी नाही सांगितलं. नवरा-बायकोत मी कशाला पडू?

शंतनू आज लवकर आला आणि म्हणाला, “आप्पा, शनिवारी जाऊ या. सुट्टी काढलीय.” देवूही येणार होती, पण साडेतीन तास बसणं तिला नको वाटलं. तो विचारत होता, “आर यू शुअर? कॅन्सल करू का?” ती म्हणाली, “जा तुम्ही दोघं. आप्पा महिनाभर गेटिसबर्ग-गेटिसबर्ग करतायत. मी मस्त झोपते.”

शनिवार, १२ जून. गेटिसबर्ग, दुपारी दीड

झाडाखाली बसून लिहितोय. फार आनंद झालाय.

निघताना देवू दाराशी आली. मला म्हणाली, “आप्पा, पुढच्या शनिवारी गेलात तर?” मी म्हणालो, पुढच्या शनिवारी भाषण एका दिवसावर येईल बाई. ती हसली, “हो, तेही खरंच.”

इथे उभं राहिल्याशिवाय काही कळत नाही. समोर मैलभर उघडं शेत. हलका चढ. तीन जुलै अठराशे त्रेसष्ट. दक्षिणेकडच्यांच्या दीडशेच्या आसपास तोफा दुपारी एकला सुरू झाल्या. सुमारे दोन तास चालल्या. धूर एवढा की आपले गोळे कुठे पडतायत ते गोलंदाजांना दिसेना, कितीतरी टेकडीपलीकडे गेले. पलीकडच्यांनी आपल्या तोफा मुद्दाम गप्प केल्या. इकडे वाटलं, संपले ते. तोवर यांचाच दारूगोळा सरत आलेला, भरलेल्या गाड्या मागे नेऊन ठेवलेल्या. तोफखान्याच्या एका तरुण कर्नलने पायदळाला चिठ्ठी पाठवली, लवकर निघा, नाहीतर मला तुम्हाला पाठबळ देता येणार नाही. पायदळ निघालं तेव्हा उशीर झाला होता. बारा हजार माणसं या उघड्या शेतातून चालत गेली. निम्मी परत आली.

आणि घोडदळ? तीन मैलांवर होतं, पूर्वेला, आपली वेगळीच लढाई लढत.

शेजारी एक म्हातारा अमेरिकन बसला होता, त्याचे पणजोबा त्या चालत गेलेल्यांत होते. मी तोफखान्यातला आहे म्हटल्यावर त्याने हात मिळवला. म्हणाला, मग तुम्हीच सांगा, तुमच्या लोकांनी त्यांना असं का जाऊ दिलं? मी म्हणालो, त्यांना दिसत नव्हतं. तो म्हणाला, विचारता तर येत होतं.

आता शंतनू आणि मी ते मैलभर चालून जाणार. त्याचा फोन गाडीतच राहिलाय. बरं झालं, दोन तास बँकेची कटकट नाही.

बुधवार, १६ जून

लिहायला हवं. न लिहिता राहिलो तर मी पुढे मनातल्या मनात यातलं काहीतरी बदलेन.

शनिवारी तीनच्या सुमाराला आम्ही गाडीशी परत आलो. फोनवर सात मिस्ड कॉल होते. चार देवूचे, तीन कांचनचे. शंतनूने कांचनला लावला. तो फक्त “हो, हो” म्हणत होता. मग त्याने गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकले आणि तसाच उभा राहिला. मी विचारलं, काय झालं? “ब्लीडिंग होतंय. कांचन हॉस्पिटलला घेऊन गेली.”

हॉस्पिटलला पोचायला साडेतीन तास लागले.

तिचं ब्लड प्रेशर भयंकर वाढलं होतं. वार आतून सुटली होती. आम्ही पोचलो त्याच्या आधीच बाळाचे ठोके थांबले होते. देवूलाही झटके येतील अशी भीती होती, तिच्या हातात औषधाची नळी होती आणि दिवे मंद केलेले होते. मला बघून ती म्हणाली, “आप्पा, जेवलात का?”

बाळंतपण तरी व्हायचंच होतं. गेलेलं मूलही बाईला जन्माला घालावं लागतं, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी झालं. मुलगी.

त्याआधी शनिवारी संध्याकाळीच डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना, शंतनू, कांचन आणि मला, बाहेर बसवून प्रश्न विचारले. तिचं डोकं दुखत होतं का? मी म्हणालो, हो, मंगळवारपासून. शंतनूने माझ्याकडे बघितलं. हातापायाला, चेहऱ्याला सूज? शंतनू म्हणाला, हो, आठवडाभर, मी तिला दोन नंबर मोठ्या चपला आणल्या, ती म्हणाली की सगळ्यांनाच होतं. बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणं? कांचन रडायला लागली. शुक्रवारी देवू तिच्याकडे ॲसिडिटीचं औषध मागायला गेली होती. म्हणाली होती, घरी नको सांगू, आप्पा उद्याची ट्रिप कॅन्सल करतील.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आम्ही लगेच बोलावून घेतो, एवढंच म्हणाल्या. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, हे फार झपाट्याने वाढतं, कोणी स्वतःला दोष देऊ नका.

डोकं मला ठाऊक होतं, सूज शंतनूला, पोट कांचनला. ती प्रत्येकाला एकेक तुकडा देत गेली, कोणालाच जड होऊ नये म्हणून. आणि आम्ही आपापला तुकडा सांभाळून गप्प बसलो. ती अंगठी तर मी माझ्या हाताने या वहीत लिहून ठेवलीय. उकडतं म्हणे.

इथे बाळ पांघरुणात गुंडाळून आईबापाजवळ देतात. हवा तेवढा वेळ ठेवा म्हणतात. देवूने घेतलं, शंतनूने घेतलं. नर्सने मला विचारलं, आजोबांना घ्यायचंय का? मी नको म्हणणार होतो. देवू म्हणाली, “घ्या आप्पा.” साडेतीन पौंड. जावळ दाट, भुवया लताच्या. बोटांना नखंसुद्धा होती. मी तिला खिडकीपाशी नेलं. का नेलं, सांगता येत नाही. बाहेर रविवारची रहदारी चालली होती.

वीस तारखेचं भाषण कांचनने रद्द केलं.

शुक्रवार, १८ जून

काल देवूला घरी आणलं. शंतनूने पाळण्याचं खोकं तिच्या येण्याआधी खाली स्टोरेजमध्ये नेऊन ठेवलं. परत आला आणि म्हणाला, “आप्पा, तुम्ही मला हेडेकचं सांगायचं होतं यार.” ‘यार’ तोंडून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं. मी म्हणालो, “आणि तू मला सुजेचं.” तो म्हणाला, “हो.” मग त्याने चहा टाकला. आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानेच प्यालो.

आज सकाळपासून देवू खोलीतून बाहेर आली नाही. मी दार वाजवलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, पुढे उशी धरून. गाऊन पुढून ओला होता. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. दूध आलं होतं. शरीराला कोणी सांगितलंच नव्हतं.

“त्रास होतोय का?”

“नाही आप्पा. बरी आहे मी.”

मी बाहेर येऊन कराडला सुलभाला फोन लावला. बाईमाणसाशी असलं कधी बोललो नव्हतो, पण लाज कुठे ठेवू? मी सांगितलं. ती थोडा वेळ रडली, मग म्हणाली, “मोगऱ्याची फुलं बांधायची भाऊजी. छातीवर फुलं पसरायची आणि वरून सुती कापडाने घट्ट बांधायचं. सुकली की बदलायची. दूध आटतं. लताक्कालाही आम्ही तेच केलं होतं.”

“लताला? कधी?”

तिने फुलांचंच पुढे सांगायला घेतलं. मी पुन्हा विचारलं.

“बाहत्तर साली. देवूच्या आधीचं.”

ते मला ठाऊक होतं. म्हणजे मला वाटत होतं. लढाई नुकतीच थांबली होती, आम्ही अजून पश्चिम सीमेवर होतो. लताचं पत्र आलं होतं, ‘या खेपेस देवाच्या मनात नव्हतं. बाकी सर्व क्षेम.’ मी समजलो, दुसरा-तिसरा महिना असेल. मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, प्रकृतीस जपावे असं.

“आठवा होता, भाऊजी. मुलगा होता. दिवसभर जगला. तुमच्या आई म्हणाल्या, तो तिकडे तोफेपाशी आहे, त्याला कशाला कळवायचं. लताक्काही म्हणाली, नको.” मग एकदम कडक आवाजात म्हणाली, “पण तुम्हाला महिने मोजता येत नव्हते का हो?”

मी मोजले नव्हते. मे महिन्यात रजेवरून गेलो होतो आणि जानेवारीत ते पत्र आलं. पुढच्या रजेवर आलो तेव्हा लता वाळलेली होती, केस गळले होते. मी विचारलं होतं, बरी आहेस ना? ती म्हणाली होती, बरी आहे. एवढ्यावर माझं समाधान झालं. तीस वर्षं त्या बाईने माझ्या पानात वाढलं, आणि माझा एक मुलगा दिवसभर जगला होता हे मला आज टेलिफोनवर कळलं.

यापुढे मी तिला खंबीर म्हणणार नाही. तिचं ऐकायला कोणी नव्हतं.

शनिवार, १९ जून

सकाळी स्टेशनवरून गाडी पकडून जर्नल स्क्वेअरला गेलो. एकट्याने पहिल्यांदाच. उद्या इथे बापांचा दिवस असतो, औषधाच्या दुकानाच्या काचेवर मोठी पाटी लावलीय. नेवार्क अव्हेन्यूवर सगळी आपली दुकानं. तीन ठिकाणी विचारलं, चौथ्यात पूजेचं सामान ठेवणाऱ्या एका गुजराती बाईकडे मोगरा मिळाला, फ्रिजमध्ये ठेवलेले गजरे. मी म्हणालो, सगळे द्या.

“शादी है, अंकल?”

“नहीं.”

“तो पूजा होगी.”

मी मान हलवली. तिने दोन गजरे वर घातले.

घरी आलो तेव्हा शंतनू देवूच्या पायाशी जमिनीवर बसला होता. तिचा हात त्याच्या डोक्यावर होता. मी गजरे ताटात सोडवले. देवूला सांगितलं, सुलभामावशी काय म्हणाली ते. आणि तिच्या आईचंही सांगितलं, सगळं, जसं ऐकलं तसं, माझे न मोजलेले महिने धरून. मला वाटलं होतं आता तिच्यावर हे ओझं नको. मग वाटलं, हे ‘नको’ आमच्या घरात फार झालं.

ती रडली नाही. “मुलगा होता?” एवढंच विचारलं. मग म्हणाली, “आईला कोणी बांधून दिली होती फुलं?”

“सुलभाने.”

तिने फुलं घेतली. मी आणि शंतनू बाहेर थांबलो. थोड्या वेळाने तिने हाक मारली. सुती ओढणी तिने गाऊनवरून गुंडाळली होती, पण पाठीमागे गाठ बसत नव्हती, हात मागे नेला की दुखत होतं. शंतनू पुढे झाला, पण त्याने मारलेली गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. मी म्हणालो, सोड, मी बांधतो. तू तिला पुढून धर.

त्याने तिला खांद्यांना धरलं. मी मागून दोन्ही टोकं ओढली.

“एवढं घट्ट पुरे?”

“अजून, आप्पा.”

मी आणखी ओढलं. खोलीभर मोगऱ्याचा वास झाला होता.

“दुखतंय का?”

ती नेहमीचं उत्तर देणार होती, तिच्या तोंडून ‘ना’ निघालासुद्धा. मग थांबली. माझ्या हातांखाली तिची पाठ थरथरायला लागली.

“हो आप्पा,” ती म्हणाली. “खूप दुखतंय.”

“कुठे?” मी विचारलं.

शंतनूने मान वर केली. मी गाठ मारली आणि तिच्याजवळ पलंगावर बसलो. ती सांगू लागली.